तांड्यांची भाषा बीडपर्यंत कशी आली

बीडहून वडवणीकडे किंवा माजलगावहून धारूरच्या घाटाकडे निघाले, की रस्त्याच्या कडेला गावांच्या पाट्यांबरोबर तांड्यांच्याही पाट्या लागतात. गाव मागे पडते, एक कच्चा रस्ता आत वळतो आणि माळाच्या उतारावर तांड्याची घरे दिसू लागतात. तिथे झाडाखाली बसलेली म्हातारी माणसे, हापशावर पाणी भरणाऱ्या बाया आणि धुळीत खेळणारी पोरे आपसात जी भाषा बोलतात ती मराठी नाही, हिंदी नाही आणि उर्दूही नाही. ती आहे गोरबोली. बोलणारे तिला गोरमाटी असेही म्हणतात. ते स्वतःला गोर म्हणवतात आणि तांड्याबाहेरच्या माणसाला कोर. सरकारदरबारी हाच समाज बंजारा किंवा लमाण या नावाने नोंदलेला आहे.

इथे बीड जिल्ह्यापुरती एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण बाहेरचे लोक हमखास गल्लत करतात. बीडमध्ये वंजारी समाजही मोठा आहे. नावे जवळची वाटली तरी वंजारी आणि बंजारा हे दोन वेगळे समाज आहेत. वंजारी समाजाची घरची भाषा मराठी आहे. या लेखात ज्या भाषेविषयी लिहितो आहे ती तांड्यावरच्या लमाण-बंजाऱ्यांची.

ही भाषा किती लोकांची आहे? 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 33 लाख लोकांनी आपली मातृभाषा लमाणी किंवा लंबाडी अशी सांगितली, तर सुमारे 16 लाख लोकांनी बंजारी. म्हणजे हिशेब पन्नास लाखांच्या जवळ जातो. त्याच जनगणनेत नेपाळी मातृभाषा सांगणारे भारतीय सुमारे 29 लाख होते आणि कोकणी सांगणारे सुमारे साडेबावीस लाख. नेपाळी आणि कोकणी या दोन्ही भाषा, मणिपुरीच्या जोडीने, 1992 साली 71 व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. लमाणी आणि बंजारी मात्र जनगणनेच्या तक्त्यात हिंदीच्या पोटात मोजल्या जातात. भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा पन्नासहून अधिक नावांच्या रांगेत. बालाघाट डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या तांड्यावरची आजी, जिला हिंदी धड बोलता येत नाही, ती सरकारी आकडेवारीत हिंदी भाषक ठरते.

नेपाळीचे उदाहरण मुद्दाम घेतले. या दोन भाषांचा प्रवास एकमेकांशेजारी ठेवून पाहिला, की गोरबोलीच्या वाट्याला जे आले ते का आले हे स्पष्ट होते. त्याकडे पुढे वळू. आधी ही भाषा मुळात कुठली, ते पाहू.

तांड्यावरच्या जुन्या माणसांना विचारले तर ते मारवाडाचे नाव घेतात. राठोड, पवार, चव्हाण ही कुळांची नावे राजस्थानातल्या राजपूत कुळांशी जुळतात. पण आडनावांवरून मूळ ठरवायला गेले तर फसगत होते. आडनावे घेता येतात, बदलता येतात. महाराष्ट्रात जे जाधव म्हणवतात तेच कूळ तेलंगणात वडत्या या जुन्या नावाने ओळखले जाते. खरी साक्ष देते ती भाषेची घडण, कारण शब्द उसने घेता येतात, पण सर्वनामे, विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदाची रूपे सहसा कोणी उसनी घेत नाही.

'माझे घर' हे गोरबोलीत 'मार घर'. मारवाडीत ते 'म्हारो घर', गुजरातीत 'मारुं घर'. 'मला' म्हणजे 'मन', 'तुला' म्हणजे 'तोन'. गुजरातीत 'मने' आणि 'तने'. काय विचारायचे तर 'कांई', मुलगा 'छोरा', मुलगी 'छोरी', पांढरा 'धोळो', काळा 'काळो'. आणि 'आहे' साठी 'छ'. हा 'छ' फार बोलका आहे. गुजरातीत 'छे', राजस्थानात जयपूरकडच्या ढूंढाडीत आणि कोटा-बुंदीकडच्या हाडौतीत 'छै'. जोधपूरकडच्या मारवाडीत मात्र 'है' चालते. म्हणजे परंपरा मारवाडाकडे बोट दाखवते आणि क्रियापद थोडे पूर्वेला व दक्षिणेला, गुजरात आणि पूर्व राजस्थानच्या अंगाला. माझ्या मते यात विरोध मानण्याचे कारण नाही. पिढ्यान्पिढ्या वाटेवर राहिलेल्या लोकांची भाषा एका गावाच्या वेशीत बसणार नाही. ती त्यांच्या वाटांवर घडली, आणि त्या वाटा राजस्थान-गुजरात-माळवा अशा पसरलेल्या होत्या.

हाच 'छ' नेपाळीतही आहे. 'माझे घर आहे' हे नेपाळीत 'मेरो घर छ'. कुमाऊँनी आणि गढवालीतही 'छ' भेटतो. प्राकृतातल्या 'अच्छइ' या रूपापर्यंत भाषाशास्त्रज्ञ त्याचा माग नेतात. हिमालयातल्या भाषांचे राजस्थानीशी असलेले साम्य पाहून जॉर्ज ग्रियर्सन यांनी आपल्या भारतीय भाषा सर्वेक्षणात त्यांना राजस्थानी-गुजरातीच्या सोबत नवव्या खंडात ठेवले. त्या खंडाचा तिसरा भाग 1907 साली निघाला. त्यात भिल्लांच्या भाषा आणि खानदेशी यांच्याबरोबर बंजारी किंवा लभाणी आहे. चौथा भाग 1916 चा. त्यात पहाडी भाषा आहेत आणि त्यातच नेपाळी. दोघी एकाच खंडाच्या शेजारशेजारच्या भागांत बसल्या आहेत.

पण त्या सर्वेक्षणात बीडचा तांडा नाही. हैदराबाद, म्हैसूर आणि मद्रास हे मुलूख सर्वेक्षणातून वगळले होते, आणि बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणून वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांची भाषा नोंदली गेली आणि मराठवाडा-तेलंगणातली, जिथे तिचे लाखो बोलणारे होते, ती कोरीच राहिली. आजही गोरबोलीवर लिहिताना वऱ्हाडातली उदाहरणे सहज सापडतात आणि बालाघाटातली शोधावी लागतात, त्याचे एक कारण हे आहे.

आता ती दक्षिणेत कशी उतरली? बंजाऱ्यांचा मूळ धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि धान्य, मीठ असा माल जिथे पिकतो तिथून जिथे लागतो तिथे न्यायचा. लवण म्हणजे मीठ, त्यावरून लमाण, असे सांगतात. हा धंदा जुना आहे. अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत धान्याचे भाव बांधून दिले तेव्हा शहराला धान्य पुरवणाऱ्या कारवानींचा उल्लेख झियाउद्दीन बरनीने केला आहे, आणि इतिहासकार त्यांचे नाते बंजाऱ्यांशी जोडतात. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत बंजाऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे की ते हजारेक बैल बाळगतात, खेड्यांतून शहरांकडे धान्य आणतात आणि लष्कराबरोबर चालतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 1632 च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. बायका-मुलांसह सगळा संसार बरोबर होता, आणि चाल दिवसाला फार तर सहा-सात मैल.

चाल इतकी सावकाश का, हे समजून घेतले की पुढचे बरेच उलगडते. बैलगाडीला रस्ता लागतो. घाट, नाले, काळी चिकणमाती यांत ती अडते. लादलेला बैल कुठूनही जातो. शिवाय त्याला वैरण विकत घ्यावी लागत नाही, वाटेवरच्या माळावर तो चरतो. हजारो बैल चरत चरत पुढे सरकतात म्हणून वाहतूक फार स्वस्त पडते आणि म्हणूनच ती मंद असते. महिनोन्महिने वाटेवरच राहायचे तर घर मागे ठेवून भागत नाही; घरच बरोबर घ्यावे लागते. पावसाळ्यात पाणी आणि गवत असेल अशा माळावर मुक्काम पडायचा आणि पाऊस उघडला की पुन्हा वाट.

भाषेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. सैनिक किंवा कारकून परमुलखात एकटा जातो, तिथेच लग्न करतो आणि त्याची नातवंडे त्या मुलखाची भाषा बोलू लागतात. बंजारा एकटा गेला नाही. बायको, आई, पोरेबाळे, नायक, कारभारी, गाणारे-सांगणारे ढाडी असा सबंध समाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला. मुक्काम गावाबाहेर आणि सोयरिकी समाजातच. बाजारात पुरुषांना मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, जे लागेल ते बोलावे लागे आणि ते बोलत. पण तांड्यात परतले की घरातल्या बाईच्या तोंडी गोरबोलीच. चारशे वर्षे चहूबाजूंनी वेगळ्या भाषा असूनही ती टिकली, याचे श्रेय प्रामुख्याने तांड्यावरच्या बायांचे आहे.

ते ऐकायचे असेल तर लग्नघरात किंवा तीजेच्या दिवसांत ऐकावे. श्रावणात कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात आणि वाढलेली तीज शेवटी पाण्यात सोडतात. हा सण राजस्थानातही आहे. लग्नात नवरी ढावलो म्हणते. ढावलो हे सासरी निघालेल्या मुलीचे रडगाणे, पण ते नुसते रडणे नव्हे. आईला, बापाला, भावाला, मैत्रिणीला, प्रत्येकाला वेगळे आळवायचे असते. त्याची चाल ठरलेली असते आणि थोरल्या बाया मुलीला ते आधीपासून शिकवतात. एकेका माणसाच्या गळ्यात पडून ती त्याच्याशी असलेले आपले नाते शब्दांत मांडते. घर, गोठा, पाणवठा, लहानपणचे खेळ सगळे त्यात येते. रोजच्या बोलण्यातून हद्दपार झालेले कितीतरी शब्द या गाण्यांत जिवंत राहिले आहेत. होळीच्या लेंगी गाण्यांचेही तसेच. ज्या समाजाने आपली भाषा स्वतःच्या लिपीत लिहिली नाही त्याच्यासाठी हाच शब्दकोश आणि हेच व्याकरण.

दक्षिणेतल्या मोठ्या स्थलांतराची एक परंपरागत हकिकत आहे. वऱ्हाडातला इंग्रज अधिकारी कंबरलेज याने 1882 साली ती छापली. तिच्यानुसार शाहजहानचा वजीर आसफखान याच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे राठोड नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन आणि भगवानदास वडत्या बावन्न हजार बैल घेऊन दख्खनेत उतरले. फौजेला रसद तुटू नये म्हणून त्यांना पाणी, गवत आणि इतर बाबतींत खास सवलती देणारा ताम्रपट मिळाला, असेही सांगतात. बैलांचे आकडे परंपरेचे आहेत, ते मोजून घेऊ नयेत. पण काळ आणि प्रसंग मात्र इतिहासाशी नीट जुळतात, आणि त्या इतिहासात बीड अगदी मध्यभागी आहे.

1630 साली मोगलांचा बंडखोर सरदार खानजहान लोदी निजामशाहीच्या आश्रयाला आला होता. त्याच्या पाठलागावर आलेल्या आझमखानाने बीडजवळ त्याच्यावर हल्ला केला आणि 1631 च्या आरंभी धारूरचा किल्ला घेतला. हाच तो दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. गुजरात ते दख्खन माणसे आणि जनावरे पटापट मरत होती, शेते ओस पडली होती. अशा मुलखात हजारो घोडे आणि लाखभर माणसे महिनोन्महिने ठेवायची तर धान्य बाहेरूनच आणावे लागणार. बऱ्हाणपूर हा मोगलांचा दख्खनेतला तळ. तिथून घाट चढून, गोदावरी ओलांडून बालाघाटापर्यंत धान्य आणायचे काम बैलांच्या पाठीशिवाय होणारे नव्हते. पुढे औरंगजेबाची फौज अनेक दशके दख्खनेत राहिली. म्हणजे तांड्यांना परत जायचे कारणच उरले नाही. बंजाऱ्यांचे काही गट याच्या आधीही दक्षिणेत येत-जात असणार, पण सतराव्या शतकातल्या या मोहिमांनी त्यांचे येणे-जाणे राहण्यात बदलले, असे मला वाटते.

त्यानंतर ज्या कोणाला दख्खनेत लढायचे होते त्याला बंजारे लागले. 1803 साली आर्थर वेलस्ली असईच्या लढाईपर्यंत पोहोचला तो बंजाऱ्यांच्या रसदेवर. त्याच्या पत्रांतून या पुरवठ्याची काळजी सारखी डोकावते.

इथे नेपाळीकडे वळतो. नेपाळीचे उगमस्थान पश्चिम नेपाळात, कर्णाली खोऱ्यातल्या सिंजा भागात मानतात. खस लोकांची ती भाषा, म्हणून तिला खसकुरा म्हणत. मध्ययुगात तिथे खस मल्लांचे राज्य होते आणि त्यांच्या शिलालेख-ताम्रपटांतून तिचे जुने रूप दिसते. तिथून ती डोंगरांतून पूर्वेकडे सरकत गोरखा राज्यात आली. 1743 साली पृथ्वीनारायण शाह गोरख्याच्या गादीवर बसला, 1768 मध्ये काठमांडू त्याच्या हाती आले आणि भाषेला राजदरबार मिळाला. काठमांडूच्या खोऱ्यात नेवारी बोलली जात होती. तिच्यावर गोरखाली बसली. पुढे दार्जिलिंगचे चहामळे, सिक्कीम, आसाम, भूतान असा मजुरांबरोबर आणि गोरखा पलटणींबरोबर तिचा विस्तार झाला.

या पलटणींमुळे एक वेगळी गोष्ट घडली. इंग्रज अधिकाऱ्याला आपल्या शिपायांची भाषा येणे गरजेचे होते, म्हणून नेपाळीची व्याकरणे आणि पाठ्यपुस्तके तयार झाली. पहिल्या महायुद्धात गोरखा पलटणीत अधिकारी असलेल्या राल्फ टर्नर यांनी 1931 साली नेपाळीचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. भारतीय आर्यभाषांच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. मराठी वाचकाला जवळचे म्हणजे, टर्नर यांच्यापुढे आदर्श होता तो झ्यूल ब्लॉख या फ्रेंच विद्वानाने केलेल्या मराठीच्या घडणीच्या अभ्यासाचा.

गोरबोलीला दरबार मिळाला नाही आणि पलटणही नाही. तिच्या बोलणाऱ्यांनी मोगलांना, निजामाला, मराठ्यांना, इंग्रजांना धान्य पुरवले, पण धान्य विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याची भाषा शिकावी लागत नाही. विकणारा घेणाऱ्याची शिकतो. सगळा फरक इथून सुरू होतो. भाषेची योग्यता किंवा तिची जुनी परंपरा याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे भाषा आणि बोली यांतला भेद असा करतात, की जिला पुस्तके, कोश, व्याकरण आहे ती भाषा आणि जिला नाही ती बोली. पण पुस्तके आणि कोश होतात ते कोणाला तरी त्यांची गरज पडल्यामुळे, आणि गोरबोलीच्या बाबतीत ती गरज सत्तेवरच्या कोणालाही पडली नाही.

एकोणिसाव्या शतकात लदेणीचा धंदाच बुडाला. पक्के रस्ते आले, बैलगाड्या धावू लागल्या, मिठावर सरकारी पकड बसली, जंगलचराईवर बंधने आली आणि आगगाडीने उरलेले संपवले. 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी सिकंदराबादपर्यंत रेल्वे झाली. ज्या धान्याला तांड्याबरोबर महिने लागत ते दोन दिवसांत जाऊ लागले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची टांगती तलवार फिरत्या समाजांवर होतीच. फिरणे हाच संशय ठरत होता. त्या कायद्याखालच्या जमाती स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी मुक्त झाल्या, आणि विमुक्त जाती हे नाव तिथून आले.

बैल विकले, माळ कसायला घेतले आणि जिथे पावसाळ्याचा मुक्काम पडायचा तिथे कायमचे तांडे बसले. बीडमधल्या तांड्यांची ठिकाणे नकाशावर पाहिली तर गोदावरीकाठची काळी कसदार जमीन फारशी त्यांच्या वाट्याला आलेली दिसत नाही. ते आहेत डोंगराच्या उताराला, खडकाळ माळावर, मुख्य गावापासून दूर. बैलांना चराई हवी म्हणून निवडलेली जागा शेतीला फारशी कामाची नव्हती, हे पुढच्या पिढ्यांना सोसावे लागले.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत त्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात गेले. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्यांसाठी ती एकत्र येण्याची घटना होती. एका राज्यात राहणाऱ्या गोरबोली भाषकांसाठी मात्र तीच घटना वाटणीची ठरली. बीड आणि नांदेडची पोरे देवनागरी शिकली, निजामाबाद आणि महबूबनगरची तेलुगू लिपी, गुलबर्ग्याची कानडी. आज एखाद्याने गोरबोलीत कविता लिहिली तर ती ऐकून तिन्हीकडे कळते, पण छापून आली तर एकाच राज्यात वाचली जाते.

सरकारी वर्गवारीतही तसेच झाले. तेलंगणातल्या लंबाडांचा 1976 च्या कायद्याने अनुसूचित जमातींत समावेश झाला, कर्नाटकात हा समाज अनुसूचित जातींत आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. मराठवाड्यातले बंजारे हैदराबाद संस्थानातल्या जुन्या नोंदींचा दाखला देत अनुसूचित जमातीचा हक्क मागतात, त्यामागे हा इतिहास आहे. त्या मागणीच्या कायदेशीर बाजूवर बोलण्याची ही जागा नव्हे. पण नात्यागोत्याने बांधलेली, एक भाषा बोलणारी माणसे तीन राज्यांत तीन वर्गांत आहेत, एवढे ज्याला ठाऊक असेल त्याला ती मागणी निदान कशातून येते ते कळेल.

आजचा गोरबोलीचा पसारा पाहायचा तर विदर्भातल्या यवतमाळ-वाशीमपासून सुरुवात करावी. वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, सबंध समाजाचे तीर्थ. सेवालाल महाराजांचा जन्म 1739 चा मानतात. जन्मस्थान म्हणून कोणी कर्नाटकातल्या दावणगेरे जिल्ह्यातले सुरगोंडनकोप्प सांगतो, कोणी आंध्रातल्या गुत्तीजवळचे ठिकाण. जन्म दक्षिणेत, समाधी वऱ्हाडात आणि भक्त चार-पाच राज्यांत, यावरूनच भाषेच्या प्रदेशाची व्याप्ती कळावी. यवतमाळमधल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्या घरची भाषा हीच. पुढे हिंगोली, नांदेड, परभणी, जालना, बीड असा मराठवाडा, दक्षिणेला विजयपूर आणि कलबुर्गी, पूर्वेला तेलंगणा, खाली अनंतपूरपर्यंत. जिथे जाल तिथे सर्वनामे आणि क्रियापदे तीच. बदलतात ती शेतीची, बाजाराची आणि सरकारी कामाची नावे, जी त्या त्या राज्यभाषेतून आलेली असतात.

बीडमधल्या गोरबोलीचा प्रवास अजून संपलेला नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सांगली, सातारा, कोल्हापूर, नगर आणि थेट बेळगावकडचे कारखाने. ऊसतोडीला सगळ्याच समाजांची माणसे जातात, वंजारी, मराठा, दलित, बंजारा. पण टोळी सहसा एका गावची किंवा एका तांड्याची असते, त्यामुळे फडाच्या कडेला उभारलेल्या कोप्यांत तांड्याचीच भाषा चालते. पहाटे फडात शिरल्यापासून मोळ्या बांधून ट्रॅक्टरमध्ये भरेपर्यंत आपसातले बोलणे गोरबोलीत, मुकादमाशी मराठवाडी मराठीत, शेतकऱ्याशी त्याच्या वळणाच्या मराठीत, आणि सीमेपलीकडे गेले तर बाजारापुरती कानडी. पाच-सहा महिन्यांनी टोळी परत येते तेव्हा पोरांच्या तोंडी चार नवे शब्द असतात आणि शाळेचे वर्ष निम्म्याहून अधिक गेलेले असते.

शाळेचा प्रश्न तर परमुलखात न जाताही आहे. तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा त्याला मराठी कानावरून माहीत असते, बोलायची सवय नसते. गुरुजी विचारतात, घरी कोण कोण आहे? ते सांगते, याडी आहे, भिया आहे, म्हणजे आई आहे, भाऊ आहे. वर्गातली बाकीची पोरे हसतात आणि पुढच्या वेळी ते मूल गप्प बसते. घरी भाकरीला बाटी म्हणतात, पुस्तकात भाकरी असते. त्याहून अवघड गोष्ट व्याकरणात आहे. गोरबोलीत दोनच लिंगे, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. मराठीतले नपुंसकलिंग तिच्यात नाही. 'ते घर', 'ते झाड' यांतले 'ते' त्या मुलाच्या डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्या वहीवर लाल रेघा उमटत राहतात. चूक त्याच्या बुद्धीची नसते. ते दुसऱ्या भाषेच्या नियमाने बरोबर बोलत असते. हे शिक्षकाला ठाऊक असले तर पहिल्या दोन वर्षांत केवढा फरक पडेल. ध्वनींची मात्र अडचण नाही. ळ, ण यांसह गोरबोली देवनागरीत सहज लिहिता येते. म्हणजे मुलाला त्याच्याच भाषेतल्या शब्दांवरून अक्षरे शिकवून मग मराठीकडे नेणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही.

राज्यघटनेचे कलम 350 क सांगते, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी राज्यांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. हे कलम 1956 सालीच, म्हणजे ज्या वर्षी हैदराबादचे तुकडे झाले त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत आले. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरते. पण मातृभाषा म्हणजे राज्यभाषा असा अर्थ लावला, की तांड्यावरचे मूल पुन्हा हिशेबाबाहेर राहते. आठव्या अनुसूचीत येण्यासाठी मागणी असलेल्या 38 भाषांच्या केंद्राकडच्या यादीत बंजारा आहे; ती यादी वर्षानुवर्षे तशीच पडून आहे.

जनगणनेत मातृभाषेचा रकाना असतो आणि त्यात सांगणाऱ्याने सांगितलेलेच नाव लिहायचे असते. मागच्या वेळी एकाच भाषेचे बोलणारे लमाणी-लंबाडी आणि बंजारी अशा दोन ओळींत विभागले गेले. त्याशिवाय विचारणाऱ्याला सोपे जावे म्हणून किंवा संकोचाने ज्यांनी मराठी, हिंदी, तेलुगू असे सांगितले असेल ते तिसरीकडेच मोजले गेले. येत्या जनगणनेत बीडच्या तांड्यांनी आणि निजामाबादच्या तांड्यांनी एकच नाव सांगायचे ठरवले, आणि दारात आलेल्या प्रगणकाने, जो बहुतेक वेळा जवळच्याच शाळेतला शिक्षक असतो, ते जसेच्या तसे लिहून घेतले, तर ही भाषा किती जणांची आहे याचा खरा आकडा प्रथमच एका ओळीत दिसेल.